कोरडवाहू भागासाठी परदेशी संशोधन-भागीदारी: पहिल्या टिपणापासून शेवटच्या हिशेबापर्यंत

सोलापूर, बीड, धाराशिव, सांगलीचा पूर्व भाग, माण-खटाव. अशा अवर्षणप्रवण पट्ट्यात काम करणाऱ्या संस्था, कृषी महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि नव्याने संशोधनाकडे वळलेले तरुण यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. जमिनीची झीज आणि तिच्यामागून येणारी गरिबी यांचा अभ्यास परदेशी विद्यापीठासोबत करायचा, तर पहिल्या पत्रापासून पहिला हप्ता खात्यावर जमा होईपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जातात, असे धरूनच चाला. या काळात काय करून ठेवायचे, ते क्रमाने सांगतो.

१. प्रश्न आधी एका पानात मांडा

सुरुवात जोडीदार शोधण्यापासून करू नका. एका पानाचे टिपण तयार करा. त्यात पाच गोष्टी हव्यात: गावे आणि तालुका, जमिनीचा प्रकार व खोली, पावसाची निदान ३० वर्षांची नोंद, तिथली घरे कशावर जगतात, आणि तुमच्या अभ्यासाच्या उत्तरावर कोणाचा कोणता निर्णय अवलंबून आहे. हा पाचवा मुद्दाच बहुतेक टिपणांत नसतो. ‘मराठवाड्यातील वाळवंटीकरणाचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही. ‘हलक्या मुरमाड जमिनीवर सलग समतल चर खणल्यानंतर दहा वर्षांनी भूमिहीन घरांना चारा जास्त मिळतो की कमी?’ हा प्रश्न होतो. त्याचे उत्तर ग्रामसभेलाही हवे असते आणि मृद व जलसंधारण विभागालाही.

व्याख्या नीट वापरा. संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार (यूएनसीसीडी) १९९४ मध्ये स्वीकारला गेला आणि भारताने तो १९९६ मध्ये मान्य केला. त्याच्या व्याख्येत वाळूचा उल्लेख नाही. शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र प्रदेशांतल्या जमिनीचा ऱ्हास म्हणजे वाळवंटीकरण. हे प्रदेश ठरवायला पाऊस भागिले संभाव्य बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जन (पाणी पुरेसे असते, तर जमीन आणि पिकांतून जेवढे हवेत उडाले असते ते) हे गुणोत्तर वापरतात. ते ०.६५ च्या खाली असेल तर प्रदेश कोरडा आणि ०.२ ते ०.५ असेल तर निमशुष्क.

इथे एक सापळा आहे. इस्रोच्या अहमदाबादमधल्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशाच्या २९.७७ टक्के क्षेत्रावर ऱ्हास होता. पण हा आकडा सर्व हवामानांतल्या ऱ्हासाचा आहे. म्हणून तर या मालिकेच्या आधीच्या आवृत्तीत धो-धो पावसाच्या गोव्याचेही निम्म्याहून जास्त क्षेत्र ऱ्हासाखाली दिसते. हा आकडा थेट ‘कोरडवाहू वाळवंटीकरण’ म्हणून प्रस्तावात टाकलात, तर जाणकार परीक्षक पहिल्याच पानावर थांबतो.

२. तुमच्याकडे काय आहे, त्याची यादी करा

परदेशी गटाकडे यंत्रे आणि निधी असतो. त्यांच्याकडे नसतो तो काळ: एकाच शिवारातल्या वीस-तीस वर्षांच्या नोंदी. तुमच्या संस्थेकडे पाणलोट विकासापूर्वीची विहिरींची पातळी, शिवारफेरीचे गटवार नकाशे किंवा जुने मजुरीचे मस्टर असेल, तर तीच तुमची बाजू. सगळे स्कॅन करून गट नंबरनिहाय लावून ठेवा.

अशा नोंदींना जगात किती मोल आहे, हे इक्रिसॅटच्या (कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) ग्राम-अभ्यासावरून कळते. १९७५ मध्ये तो सुरू झाला, तेव्हाच्या गावांत सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातले कानझरा व किनखेडा ही गावे होती. प्रत्येक गावात ४० घरे: ३० शेतकऱ्यांची, १० भूमिहीन मजुरांची. गावातच राहणारे, तिथली भाषा बोलणारे अन्वेषक दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरात जाऊन हिशेब लिहीत. दुष्काळात गरीब घर आधी काय विकते, कोणाकडून उसने घेते, यावर जगभरातल्या अर्थशास्त्रज्ञांनी या चार-सहा गावांच्या वह्यांवरून लिहिले. या कामात सर्वात महाग वस्तू होती ती अन्वेषकाचा गावातला मुक्काम. तुमच्या अंदाजपत्रकात त्यासाठी ओळ असलीच पाहिजे.

आधाररेषेसाठी, म्हणजे सुरुवातीची स्थिती नोंदवायला, ट्रेंड्स.अर्थ हे मोफत साधन वापरा. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत चालते आणि भू-आच्छादन, उत्पादकता व मातीतला सेंद्रिय कर्ब या तीन निर्देशकांवरून ऱ्हास दाखवते. मात्र त्याचा नकाशा जसाच्या तसा प्रस्तावात घालू नका. कारणे दोन.

पहिले, उत्पादकतेसाठी सहसा वापरली जाणारी उपग्रह-प्रतिमा २५० मीटरची असते. म्हणजे एक ठिपका सव्वासहा हेक्टरचा. राज्यातले सरासरी धारणक्षेत्र दीड हेक्टरच्याही आत आहे, त्यामुळे दोन एकरांवरची बांधबंदिस्ती त्यात दिसतच नाही. गावपातळीसाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची १० मीटरची प्रतिमा घ्या.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. उपग्रहाला फक्त हिरवेपणा कळतो. बोअरच्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि गायरानात माजलेली वेडी बाभूळ या दोन्ही गोष्टी नकाशावर ‘सुधारणा’ म्हणून उमटतात. भूजल मात्र त्याच वर्षांत खाली गेलेले असते. म्हणून हिरव्या ठिपक्यांपैकी किमान ३०-४० ठिकाणी प्रत्यक्ष जा, आणि विहिरीची पातळी त्याच तक्त्यात लिहा.

३. जोडीदार: आधी जवळचा, मग दूरचा

परदेशी विद्यापीठाला थेट पत्र पाठवण्याआधी देशातली एक संशोधन संस्था सोबत घ्या. सोलापूरचे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र, बारामतीजवळ माळेगावची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, हैदराबादची केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था (क्रीडा), पाटणचेरूची इक्रिसॅट आणि जोधपूरची केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्था (काजरी) यांतली जी तुमच्या प्रश्नाला लागू पडेल ती. पुढे पायरी ५ मध्ये दिसेल की जैविक नमुन्यांच्या परवानगीत सरकारी संस्था सोबत असल्याने मार्ग बराच सोपा होतो. तेवढ्यासाठी नावापुरती मात्र घेऊ नका. काम वाटून द्या.

परदेशी जोडीदार शोधताना विद्यापीठाच्या नावापेक्षा गटाने कोरड्या प्रदेशात काय केले आहे ते पाहा. इस्रायलमध्ये स्दे बोकेर इथे बेन-गुरियन विद्यापीठाची वाळवंट संशोधन संस्था आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून वोकॅट हे जाळे चालते. शाश्वत जमीन व्यवस्थापनाच्या पद्धती ठरावीक प्रश्नावलीत नोंदवून ते जगासाठी खुल्या ठेवते. तुमच्या गावातली एक पद्धत, समजा दगडी बांध किंवा शेततळे, खर्च आणि परिणामांसह वोकॅटमध्ये नोंदवा. हे काम विनामूल्य आहे, आणि अनोळखी गटाला पत्र लिहिताना त्या नोंदीचा दाखला दहा पानी परिचयपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

निधीच्या दारांबद्दल थोडक्यात. भारत-जर्मनी विज्ञान व तंत्रज्ञान केंद्राचा (आयजीएसटीसी) ‘२+२’ कार्यक्रम दोन्ही देशांतून एक संशोधन संस्था आणि एक उद्योग मागतो. सोबत बियाणे किंवा सिंचन कंपनी नसेल तर अर्ज करू नका. संयुक्त संशोधनाला निधी देणाऱ्या इतर संस्था: भारत-फ्रान्ससाठी सेफिप्रा, भारत-अमेरिकेसाठी आययूएसएसटीएफ, शेतीसाठी ऑस्ट्रेलियाची एसीआयएआर. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप कार्यक्रमात (२०२१–२०२७) भारतीय संस्था भाग घेऊ शकते, पण तिला आपोआप पैसे मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारत नव्हता. तेव्हा ‘आमचा वाटा कुठून येणार?’ हे युरोपीय समन्वयकाला पहिल्याच बैठकीत विचारा आणि त्या वर्षीची अट लेखी मागा. प्रस्ताव मंजूर झाल्यावर हा प्रश्न निघाला, तर भारतीय गट फुकट नमुने गोळा करणारा मजूर होतो.

पहिले पत्र २०० शब्दांच्या आत ठेवा. प्रश्न, तुमच्या नोंदी, त्यांच्या कोणत्या कामाशी त्या जुळतात, आणि अर्ध्या तासाच्या बोलण्याची विनंती. सोबत ते एक पान. उत्तर नाही आले तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा.

४. पैसा कोणत्या वाटेने येणार, ते ठरवा

सर्वाधिक प्रकल्प इथे अडतात. परदेशी अनुदान स्वीकारायला स्वयंसेवी संस्थेला परदेशी योगदान कायद्याखाली (एफसीआरए, २०१०) नोंदणी लागते. त्यासाठी संस्था निदान ३ वर्षे जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत तिने मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. नोंदणी ५ वर्षांची असते. नवी संस्था एका ठरावीक देणगीदारासाठी पूर्वपरवानगी मागू शकते. तिला देणगीदाराचे रक्कम व उद्देश नमूद केलेले पत्र लागते.

२०२० च्या दुरुस्तीनंतरचे तीन नियम पाठ करून ठेवा.

पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच येतो. तिथून तुमच्या गावच्या बँकेतल्या विनियोग खात्यात तो आणता येतो. परदेशी विद्यापीठाने चुकून तुमच्या नेहमीच्या खात्यात रक्कम पाठवली, तर तो कायद्याचा भंग ठरतो. म्हणून खात्याचा तपशील करारातच टाका, ई-मेलवर विसंबू नका.

मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या कोणालाही पुढे देता येत नाही, त्याच्याकडे स्वतःची नोंदणी असली तरी. परदेशी जोडीदारांना हे हटकून माहीत नसते. ‘मुख्य भारतीय संस्था पैसे घेईल आणि तालुक्यातल्या तीन संस्थांना वाटेल’ अशी त्यांची नेहमीची रचना असते, आणि ती इथे बेकायदा आहे. प्रत्येक भारतीय संस्थेचा परदेशी जोडीदाराशी वेगळा करार आणि वेगळा हप्ता, हाच उपाय.

प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. मात्र मुख्यतः संशोधन वा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्या व तिचे विश्लेषण करणाऱ्यांचे पगार या मर्यादेत धरले जात नाहीत. नेमणूकपत्रात कामाचे स्वरूप तसे स्पष्ट लिहा, नाहीतर लेखापरीक्षक ते पगार कार्यालयीन खर्चात टाकतो.

केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगच्या लेखापरीक्षणाखाली असलेल्या संस्थांना या कायद्यातून सूट आहे. तुमचे विद्यापीठ त्यात बसते का, हे कुलसचिव कार्यालयाकडून लेखी घ्या. अनुदानाला ‘सल्ला शुल्क’ असे नाव देऊन आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. खरी सेवा, खरे बिल असेल तरच ती वाट, आणि तीही सनदी लेखापालाला विचारून.

या टप्प्यापर्यंत फाइलमध्ये असायला हवे:

- नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, आयकर सवलतीची प्रमाणपत्रे (१२ए व ८०जी)
- ३ वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद
- एफसीआरए प्रमाणपत्र व खात्याचे पत्र, किंवा सूट असल्याचा लेखी दाखला
- कार्यकारी मंडळाचा ठराव, ज्यात सही कोण करणार ते नाव आहे
- नैतिकता समितीची मान्यता, मराठी संमतीपत्रासह
- ग्रामसभेचे ठराव
- एक पानी टिपण आणि रुपयांतले अंदाजपत्रक

अंदाजपत्रक रुपयांत करा आणि विनिमय दर पडला तर तूट कोण सोसणार, हे लिहून घ्या. तीन वर्षांच्या प्रकल्पात हा फरक एका अन्वेषकाच्या पगाराएवढा सहज होतो.

५. माती, बियाणे, नकाशे, पाहुणे

मातीत सूक्ष्मजीव असतात, म्हणजे जैवविविधता कायदा (२००२, दुरुस्ती २०२३) लागू होतो. परदेशी व्यक्ती वा संस्थेला जैविक संसाधन किंवा त्यासंबंधीचे पारंपरिक ज्ञान घ्यायचे, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. संशोधनाचे निष्कर्ष परदेशी जोडीदाराला हस्तांतरित करतानाही ती लागू शकते. सरकारी संस्थांमधले, केंद्राने मान्य केलेले सहकार्य-प्रकल्प यातून वगळलेले आहेत. पायरी ३ मधला देशी जोडीदार इथे कामी येतो. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही सुरुवातीलाच कळवा.

नमुने शक्यतो भारतातच तपासा. बाहेर पाठवायचेच असतील, तर तिकडचा परवाना घेणाऱ्या प्रयोगशाळेनेच आधी काढायचा असतो. अमेरिकेत तो तिथल्या कृषी खात्याचा. युरोपीय संघात आपल्याकडची माती नेण्यास मुळातच बंदी आहे, संशोधनासाठी खास परवानगी असेल तरच ती जाते. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांचे वाण बाहेर पाठवायचे वा आणायचे तर दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फतच. पाहुण्याने मूठभर बियाणे बॅगेत टाकले, तर त्याची जबाबदारी तुमच्यावरही येते.

नकाशांसाठी २०२१ ची भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वे पाहा. आडव्या दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यांहून अधिक अचूक नकाशे फक्त भारतीय संस्थाच तयार करू शकतात आणि ते देशातच साठवावे लागतात. ड्रोनने केलेले शिवाराचे चित्रण जवळजवळ नेहमीच या मर्यादेहून अधिक अचूक असते. ते थेट परदेशी सर्व्हरवर चढवू नका.

परदेशी सहकाऱ्याने संशोधन व्हिसा काढावा. टुरिस्ट व्हिसावर घरोघर सर्वेक्षण नको. आणि त्याला निघण्यापूर्वीच सांगा की उपग्रह-फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे हातातले यंत्र परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही. गिर्यारोहकांची ही यंत्रे बाळगल्याबद्दल गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशाला ताब्यात घेतल्याचे उदाहरण आहे.

घरांच्या अभ्यासात रक्तातले हिमोग्लोबिन किंवा मुलांचे वजन-उंची मोजणार असाल आणि पैसा परदेशी असेल, तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीच्या मंजुरीचा प्रश्न येतो. वेळापत्रकात त्याचे महिने वेगळे धरा.

६. करार

सामंजस्य करारावर फोटो निघतो, पण तो बहुधा बंधनकारक नसतो. खरा कागद प्रकल्प-करार. त्यात या गोष्टी स्पष्ट असू द्या: मूळ माहिती कोणाच्या ताब्यात, प्रत भारतात कुठे, लेखात पहिले नाव कोणत्या निकषावर, नमुन्यांचा अर्धा भाग भारतात जतन, हप्ते कामाआधी की कामानंतर, कोणी मध्येच बाहेर पडला तर अन्वेषकांच्या पगाराचे काय, वाद झाल्यास कोणत्या देशाचा कायदा. लहान संस्थेने ‘आधी खर्च, मग परतावा’ ही अट मान्य करू नये. चार महिन्यांचे पगार पदरचे घालायची ताकद नसते आणि काम पहिल्याच उन्हाळ्यात थांबते.

७. शेतावरचे काम: महिना चुकला की माहिती चुकली

परदेशी विद्यापीठांना हिवाळा सोयीचा असतो. बीड, पाटोदा, आष्टीकडे तोच काळ सर्वात गैरसोयीचा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जानेवारीत केलेल्या सर्वेक्षणात जी घरे कुलूपबंद म्हणून गळतात, नेमकी तीच सर्वात गरीब. अशा अभ्यासातून गावाची गरिबी कमी दिसते, आणि चूक पुढे कोणत्याही गणिताने निघत नाही. मेंढपाळ धनगरांचेही तसेच: पावसाळ्यानंतर त्यांचे वाडे, म्हणजे कळप आणि कुटुंबे, कोकणाकडे किंवा खोऱ्यांत उतरतात. घरांची पहिली यादी मे-जूनमध्ये करा, साखर कारखान्यावर एक फेरी अंदाजपत्रकात धरा.

सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसालाच प्रश्न विचारू नका. चारा, सरपण, शेळ्या यांचा हिशेब बाईकडे असतो. महिला अन्वेषक हवी आणि वेळ तिच्या सोयीची. मुलाखत दीड तासाच्या पुढे गेली तर मजुरीचा वेळ बुडतो. त्याचे पैसे द्या, सर्वांना सारखे.

पाणलोटाच्या अभ्यासात चराईबंदीचा भार वेगळा मोजा. माथ्यावर गवत वाढले, विहिरींना पाणी आले, याचा लाभ खालच्या बागायतदाराला होतो. बंदीचा पहिला फटका शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन घराला बसतो. दोघांची सरासरी काढली की हे दिसेनासे होते.

आता मातीचा कर्ब, कारण आंतरराष्ट्रीय अहवालांत हाच आकडा मागतात. ०–१५ आणि १५–३० सेंटिमीटर असे दोन थर घ्या, प्रत्येकी सुमारे अर्धा किलो; सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी पाठवा, त्यावर वेगळा क्रमांक टाकून. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. ती सगळा सेंद्रिय कर्ब पकडत नाही, म्हणून साधारण १.३ ने गुणतात. परदेशी प्रयोगशाळा कोरड्या ज्वलनाने एकूण कर्ब मोजते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर, आणि तिच्यातला कर्बही त्यात येतो. आम्ल वापरून चुनखडी काढली नाही, तर ऱ्हास झालेली चुनखडीयुक्त जमीन कर्बाने समृद्ध दिसते! पद्धत दोन्हीकडे एकच ठरवा, आणि किमान ३० नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून पाहा.

काळी जमीन ओली असताना फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिची घनता ओलाव्यासोबत बदलते. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात आणि तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये नमुने घेतले, तर कर्बातला फरक खरा की घनतेचा, हे सांगता येणार नाही. दर वेळी तोच महिना, जवळपास तोच ओलावा, आणि नमुन्यासोबत ओलाव्याची नोंद.

८. निकाल आणि हिशेब

लेख छापून येण्याची वाट न पाहता प्रत्येक हंगामानंतर गावात मराठीत दोन पानांचा अहवाल वाचा, आकडे फलकावर लिहा. लोक चुका दाखवतात. कोणता बांध कोणत्या वर्षी फुटला, हे तुमच्या तक्त्यापेक्षा त्यांना नेमके माहीत असते. माहिती खुली करताना नावे आणि गट नंबर काढा, विहिरी-बोअरचे अचूक स्थान पुसट करा. कोणाच्या बोअरला किती पाणी आहे, ही माहिती दुष्काळात शेजाऱ्यापासून टँकरवाल्यापर्यंत सर्वांना हवी असते.

निष्कर्ष सरकारपर्यंत न्यायचे तर यूएनसीसीडीसाठी केंद्रातले पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय आणि देहरादूनच्या भारतीय वानिकी संशोधन परिषदेतले शाश्वत जमीन व्यवस्थापन केंद्र हे योग्य पत्ते. २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर ऱ्हास झालेली जमीन पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट भारताने २०१९ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात झालेल्या यूएनसीसीडी परिषदेच्या वेळी जाहीर केले. तुमचे तालुक्याचे आकडे त्या चौकटीत मांडलेत तर ते वाचले जातात. राज्यात मृद व जलसंधारण विभागाला आणि जिल्हा कृषी अधीक्षकांना वेगळी प्रत द्या.

एफसीआरएचे वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते. एखाद्या वर्षी पैसा आला नाही तरी ‘शून्य’ विवरण भरावेच लागते. खात्यावरचे व्याजही परदेशी योगदानच धरले जाते, म्हणून ते विवरणात दाखवा आणि उरलेल्या रकमेसह त्याचे काय करायचे, याचे देणगीदाराचे पत्र प्रकल्प संपण्यापूर्वी मागवून फाइलला लावा.